किल्ली बदलणारी आक्का

गाडी ओढत नाही, असं आक्कापुढे म्हणायची सोय नव्हती. म्हणायचा अवकाश, ती हात पुढे करायची. "आण किल्ली." मग एक भुवई वर चढवून विचारायची, "बरं, चांगली गाडी कोणाची वाटते तुला?" समोरच्याने बोट दाखवलं की त्या दुसऱ्याचीही किल्ली मागून घ्यायची, दोन्हींची अदलाबदल करायची आणि म्हणायची, "झालं समाधान? आता पळव." बॉनेट उघडणं नाही, वाद नाही, आवाज चढवणं नाही. ज्याच्या हाती ती "चांगली" गाडी आली तो थोड्या वेळाने मान खाली घालून परत यायचा. वेग होता तेवढाच, आणि आता सांगायला सबबही उरलेली नसायची.

ही युक्ती शर्यतीच्या ट्रॅकवरची नव्हे, टॅक्सीच्या धंद्यातली. नवऱ्याने तरुणपणी एक टॅक्सी घेतली, दोघांनी मिळून धंदा वाढवला, आणि पुढे घरासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या टॅक्सींची रांग लागायला लागली. गाड्या जुळ्या बहिणींसारख्या, पण ड्रायव्हर रोज सकाळी गाऱ्हाणं घेऊन दारात. ह्याचा क्लच जड, त्याचं स्टेअरिंग डावीकडे ओढतं, आणि दुसऱ्याची गाडी मात्र लोण्यासारखी. नवरा मऊ मनाचा. तो प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा, बॉनेटमध्ये डोकं खुपसायचा, आणि ते बाहेर काढेपर्यंत सकाळची गिऱ्हाइकं दुसऱ्यांच्या टॅक्सीत बसून निघून गेलेली असायची. एके दिवशी आक्का साबणाचे हात पुसत बाहेर आली, सगळ्यांच्या किल्ल्या ओच्यात गोळा केल्या, खुळखुळ हलवल्या आणि डोळे मिटून वाटून टाकल्या. आठवड्याभरात गाऱ्हाणी आटली.

"गाडीला तोंड नाही ना," ती म्हणायची, "म्हणून सगळे तिच्या नावावर बिल फाडतात."

घरातही तोच कारभार. मुलगा म्हणाला, बाजारहाट करून पाय मोडतात. सून म्हणाली, भांडी घासून हात गेले. दुसऱ्या दिवशी पिशवी सुनेच्या हातात आणि मुलगा मोरीवर. नवऱ्याने एकदा उशी कडक असल्याचं नुसतं पुटपुटलं, तर रात्री आक्काची उशी त्याच्या डोक्याखाली.

"अगं, असंच चाललं तर एक दिवस मलाही शेजारच्यांशी बदलून टाकशील," नवरा म्हणाला.

"कधीच विचारून आले मी, अहो. त्या नको म्हणाल्या."

धंदा मुलाच्या हाती देऊन आक्का घरी बसली, पण बसणं तिला जमलं नाही. तेवढ्यात गावाबाहेरच्या ट्रॅकचा मालक दारात आला. तो कधीकाळी तिच्या टॅक्सीचं रोजचं गिऱ्हाईक. आता त्याने शर्यतींचा मोसम सुरू केला होता, आणि त्याची तऱ्हा अशी की सगळ्या स्पोर्ट्स गाड्या एकाच मॉडेलच्या. इंजिन तेच, टायर तेच, ब्रेक तेच. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची गाडी वेगवान, हा प्रकारच नाही. जिंकलास तर तू जिंकलास, हरलास तर तूच हरलास.

"आक्का," मालक म्हणाला, "माझ्याकडे एकसारख्या गाड्या आहेत आणि रोजची रडारड आहे."

"मग मला बोलवायला एवढा उशीर का लावलास?" असं म्हणून आक्काने चपला घातल्या.

तेव्हापासून ट्रॅकवरची शेड म्हणजे तिचं राज्य. बुटकी, रुंद, चालताना किंचित डोलणारी आक्का मोठ्या खिशांचा एप्रन घालून फिरायची आणि खिशातल्या किल्ल्यांच्या आवाजावरून ती कुठे आहे ते लांबूनच कळायचं. रोज सकाळी ती एका पिशवीत सगळ्या किल्ल्या घालायची, आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची गाडी.

वजनाचं कामही तिच्याचकडे. गाड्या सारख्या असल्या तरी माणसं सारखी नसतात. एखादा हाडापेराने भरलेला, एखादी वाऱ्यावर उडून जाईल अशी. हलक्या ड्रायव्हरला उगाच फायदा नको म्हणून त्याच्या गाडीत शिशाचे ठोकळे ठेवायचे, म्हणजे माणूस आणि गाडी मिळून वजन सगळ्यांचं जवळपास सारखं. ठोकळ्यांसाठी शेजारच्या सीटच्या जागी एक लोखंडी पेटी बसवलेली होती. तिच्यात मावलं नाही किंवा झाकण अडलं, तर ड्रायव्हरच्या सीटमागे एक खाच होती, तिथे. शर्यत संपली की गाडी काट्यावर जायची. वजन पुरेसं असेल तर हिरवा दिवा. जास्त झालं तर काट्याचं काही म्हणणं नसायचं. स्वतःहून ओझं वाहणाऱ्याला कोण अडवतो?

मोसम सुरू व्हायच्या आधी नव्या पोरांची निवड व्हायची. दोन दिवस, पाच-सहा पोरं, आणि सीट एकच. ज्याची निवड होईल त्याला सगळा मोसम गाडी, टायर, पेट्रोल ट्रॅककडून. निवडणारे तिघे. एक माजी चॅम्पियन, ज्याचं पोट आता स्टेअरिंगला टेकायचं आणि जो स्वतःच त्यावर विनोद करायचा. दुसरी गाड्यांमधल्या यंत्रांची आकडेवारी वाचणारी इंजिनिअर, जिला सगळे लॅपटॉपताई म्हणायचे. आणि तिसरी आक्का.

त्या वर्षीच्या पोरांमध्ये एक मुलगी होती. दिवसभरात तिच्या तोंडून चार शब्द निघाले तर नशीब, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मौनी ठेवलं. बाप फरश्या बसवायचा. भाड्याच्या छोट्या गोकार्टवर ती शिकली होती, आणि गोकार्टवाल्याकडची पोरं मोजून ठेवायची म्हणे, आज मौनी किती वेळा आपल्याला मागे टाकून गेली. बाकीच्यांना ही सीट नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा येता येणार होतं, नाहीतर घरचे पैसे घालणार होते. मौनीकडे घरचे पैसे नव्हते, आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. आत्ता नाही तर कधीच नाही.

मौनीच्या अगदी उलट रेडिओ. हा गोरागोमटा, भरल्या अंगाचा मुलगा हेल्मेट घातल्यावरही बोलत राहायचा. आतून घुमल्यासारखा आवाज यायचा तेवढंच.

पहिल्या दिवशी सरावाला रेडिओच्या हाती लाल गाडी आली. दोन फेऱ्या मारून तो शेडमध्ये आला आणि सुरू झाला. "आक्का, ही गाडी नाही, बैलगाडी आहे! ती पिवळी बघा कशी सुटतेय. तिच्यात काहीतरी वेगळं आहे. मी सांगतो ना!"

शेडमधले सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. आक्काच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं. "आण किल्ली."

पिवळी होती काडीकडे. काडी म्हणजे एक इतका किडकिडीत मुलगा, की त्याच्या गाडीत ठोकळ्यांचं ओझं सगळ्यांत जास्त. आक्काने दोघांच्या किल्ल्या बदलल्या, काडीसाठी नवे ठोकळे काढून लाल गाडीच्या पेटीत ठेवले, आणि रेडिओच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा राजा, आता उडव विमान."

रेडिओचं विमान उडालं नाही. तो आधीपेक्षाही हळू झाला. परत आला तेव्हा चॅम्पियनने टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. रेडिओ लाल होऊन काहीतरी बोलणार होता, पण आक्काने पुन्हा हात पुढे केला, "देतोस किल्ली?" तसं त्याने तोंड मिटलं. रेडिओ बंद पडल्याचं शेडने पहिल्यांदाच पाहिलं. मौनी कोपऱ्यात हातमोजे घालत होती. तिने हे सगळं नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खऱ्या परीक्षेच्या सकाळी, मौनीने पिशवीत हात घातला आणि तिला पिवळी लागली. आक्काने तिला काट्यावर उभं केलं, हिशोबाने ठोकळे पेटीत रचले, झाकण आवळलं. मौनी सगळ्या फेऱ्या पूर्ण करून आली. ना पहिली, ना शेवटची. पहिल्या नंबरापासून फार लांब नाही, पण मागेच.

"गाडी कशी होती गं?" आक्काने विचारलं.

"चांगली," मौनी म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

दुपारी तिघे चहाच्या टेबलाशी बसले. लॅपटॉपताईने पडद्यावरची वेडीवाकडी रेघ दाखवली. "ही बघा. प्रत्येक वळणाला इतरांच्या आधी ब्रेक मारते. पण गंमत अशी, की प्रत्येक फेरीत अगदी त्याच जागी मारते. इंचभर इकडेतिकडे नाही."

"म्हणजे घाबरते," चॅम्पियन म्हणाला, "पण शिस्तीत घाबरते."

"हात छान आहेत पोरीचे," आक्का म्हणाली. "वळणात गाडी अशी नेते, की मागे झोपलेलं मूल जागं होणार नाही. पण पाय भित्रा. पायातली भीती जात नाही, मी टॅक्सीवाले बघितलेत. नको."

तिघांचं एकमत झालं. रेडिओचा पहिला नंबर आला होता, त्यालाच सीट द्यायची. चहा झाला की पोरांना बोलावून सांगायचं ठरलं.

तोवर हातासरशी गाड्या रिकाम्या करून टाकू, म्हणून आक्का उठली. पिवळ्या गाडीच्या पेटीतले मौनीचे ठोकळे काढले. सीटमागे कुणाचंतरी फडकं अडकलेलं दिसलं, ते ओढायला हात घातला, आणि बोटांना लागलं ते थंडगार, जड, ओळखीचं काहीतरी.

ठोकळा. त्याच्याखाली आणखी एक. त्यामागे आणखी.

आक्का गाडीच्या दाराशी जमिनीवरच बसली. मग हळूहळू सगळं जुळत गेलं. पहिल्या दिवशी सकाळी पिवळीच्या पेटीचं झाकण अडलं होतं, ते संध्याकाळी ठोकून नीट झालं, पण तोवर काडीचं सगळं ओझं तिने सीटमागे ठेवलं होतं. मग ती किल्ल्यांची अदलाबदल. काडीला लाल गाडीत नवे ठोकळे दिले, आणि रेडिओची जिरवायच्या नादात पिवळीतले जुने काढायचे राहूनच गेले. रेडिओ काल संध्याकाळपर्यंत ते ओझं घेऊन पळाला. आणि आज मौनी दोघांचं ओझं घेऊन पळाली, स्वतःचं आणि काडीचं.

जड गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून ती आधी ब्रेक मारत होती. पाय भित्रा नव्हता, पाय शहाणा होता!

तिच्याकडे त्या वेळी कुणाचंच लक्ष नव्हतं. ठोकळे गुपचूप ढकलगाडीत टाकले असते तर काट्यालाही कळलं नसतं. आक्काच्या मनात ते आलं, नाही असं नाही. आणि आल्याबरोबर तिने स्वतःलाच एक ठेवणीतली शिवी हासडली. मग एक ठोकळा तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरला, डुलत डुलत चहाच्या टेबलाशी आली आणि तो असा आदळला की कप नाचले.

"हे माझं कर्तृत्व," ती म्हणाली. "आणि याचे भाऊबंद अजून आत आहेत."

तिने सगळं सांगितलं. चॅम्पियन आधी दचकला आणि मग इतका हसला की पोटाला हात लावून उठून उभा राहिला. लॅपटॉपताईने मात्र चष्मा वर केला आणि रेघ पुन्हा पाहायला लागली. "थांबा, थांबा. एवढं वजन जास्त धरलं ना, तर ही ब्रेक मारते ती जागा बरोबर येते. अगदी बरोबर. तिला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तिच्या बुडाने सांगितलं," आक्का म्हणाली.

तोवर बातमी बाहेर फुटली होती. रेडिओ धावत आला. "म्हणजे काल मी जे म्हणत होतो ते खरं होतं!"

"तू लाल गाडीबद्दल म्हणत होतास, शहाण्या. लाल ठणठणीत होती. पिवळीत गेल्यावर म्हणाला असतास तर खरा ठरला असतास."

"म्हणणार होतो! तुम्ही हात पुढे केलात."

आक्काने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. मग ती वळली. "मौनी! इकडे ये."

मौनी आली. तिच्यामागोमाग तिचा बापही. तो लेकीला न्यायला आला होता. निकाल ऐकायचा धीर नव्हता म्हणून तो इतका वेळ उकिडवा बसून शेडची फरशी बघत होता.

"खरं खरं सांग," आक्का म्हणाली. "गाडी कशी होती?"

मौनीने बापाकडे पाहिलं, चॅम्पियनकडे पाहिलं. "जड होती. कुणालातरी पाठुंगळी घेतल्यासारखी. सीटच्या मागे, डावीकडे जरा जास्त. दुसऱ्याच वळणाला कळलं."

"मग बोलली का नाहीस गं बये?"

"तुम्ही किल्ली बदलली असती," मौनी म्हणाली. "आणि सगळे हसले असते."

पुढे बोलला तो बाप. "काय आहे, बाई, तुमच्या या फरशीचा उतार चुकलाय. पाणी दाराकडे जायला हवं, ते भिंतीकडे जातंय. कोणी बसवली?"

"बापाला एवढं तोंड आहे," आक्का कळवळून म्हणाली, "मग लेकीचं कुठे गेलं?"

"तिच्या आईवर गेलीय. आई तर माझ्याशीही बोलत नाही," बाप म्हणाला, आणि मौनीसकट सगळे हसले.

चॅम्पियनने मात्र हसणं आवरतं घेतलं. "एक सांगतो, रागावू नका. पोरीत हुनर आहे, मान्य. पण गाडीचं दुखणं जो सांगत नाही तो अर्धा ड्रायव्हर. गाडी नीट करणारी माणसं शेडमध्ये असतात, आत फक्त हीच असते. हिने सांगितलं नाही तर आम्हाला कळणार कसं? उद्या काही मोठं मोडलं आणि ही म्हणाली 'चांगली आहे', तर?"

हे आक्कालाही पटलं. मौनीची मान खाली गेली. इतका वेळ जे हातात येईल असं वाटत होतं ते पुन्हा निसटत होतं, आणि या वेळी दोष ठोकळ्यांवर ढकलता येत नव्हता.

"मग तोंडाचीच परीक्षा घेऊ," आक्का म्हणाली. "दोघांची. मी गाडीत काहीतरी करेन, किंवा नाही करणार. एक फेरी मारायची, यायचं आणि सांगायचं. शेवटी वेगाची एक-एक फेरी."

शेडची पत्र्याची दारं ओढून घेतली गेली. आधी रेडिओ. आक्काने आत पेटीचं झाकण दणादण आपटलं, ठोकळे एकमेकांवर ठोकले, धापा टाकल्याचा आवाजसुद्धा काढला, आणि केलं काहीच नाही. रेडिओ फेरी मारून आला. "वा! आता कशी फुलपाखरू झालीय! किती काढलेत?"

शेड हसून लोटपोट. पण पुढच्या खेपेला आक्काने खरोखर मागे ओझं घातलं, तेव्हा रेडिओ उतरतानाच म्हणाला, "आता मागून कुणीतरी शर्ट धरतंय," आणि ते बरोबर होतं. पोरगा अगदीच टाकाऊ नव्हता.

मग मौनी. पुन्हा तोच आपटाआपटीचा तमाशा. मौनी फेरी मारून आली, उतरली, आणि कितीतरी वेळ हेल्मेटचा पट्टा चाळवत उभी राहिली.

"बोल ना," आक्का म्हणाली.

"राग मानू नका, आक्का. पण तुम्ही काहीच केलेलं नाही."

चॅम्पियनने टेबलावर थाप मारली. दुसऱ्या खेपेला आक्का मुकाट्याने आत गेली, पेटीतला एकच ठोकळा उचलला आणि सीटमागच्या खाचेत सरकवला. वजन तेवढंच, जागा वेगळी. तिची खात्री होती की हे देवालाही कळणार नाही. मौनी परत आली. या वेळी पट्टा चाळवला नाही. "वजन तेच आहे. थोडंसं मागे गेलंय. वळणातून निघताना बरं वाटतं, शिरताना नाही."

"बाई गं," लॅपटॉपताई म्हणाली आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

उरली वेगाची फेरी. रेडिओने आपली मारली, आणि झकास मारली. दोन दिवसांतली सगळ्यांत वेगवान. मालक घड्याळ दाखवत उभा होता, ट्रॅक बंद करायची वेळ होत आली होती. मौनी पिवळीत बसली. आता काही युक्ती नाही, वजन नेमकं, गाडी नेमकी. ती निघाली, आवाज लांब गेला, वळणामागे बारीक झाला.

आणि फेरी सुरू व्हायची त्या पांढऱ्या पट्ट्याआधीच ती आत वळली.

"काय झालं आता?" मालक ओरडला.

मौनीने काच खाली केली. चेहरा लाल, आवाज मोठा. इतका मोठा आवाज तिचा तिनेही कधी ऐकला नसेल. "मागचं डावं टायर! बसतंय ते!"

सगळ्यांनी टायर पाहिलं. गोल, गुबगुबीत, दिसायला काही कमी नाही. चॅम्पियनने पायाने दाबून पाहिलं. "ठीक आहे की. पोरी, घाबरलीस का? या खेपेला कोणी काही केलेलं नाही."

"मला माहितीये कोणी केलं नाही. तरी बसतंय."

"वेळ जातोय," मालक म्हणाला. "दुसऱ्या गाडीत बसव तिला आणि संपव."

आक्काचा हात आपोआप खिशात गेला. बोटांना किल्ली लागलीही. इतक्या वर्षांची सवय ती, डोक्याला न विचारता हात चालायचा. मौनीने तो हात पाहिला. पण या वेळी तिने मान खाली घातली नाही. आक्काच्या डोळ्यांत बघत राहिली.

आक्काने रिकामा हात खिशातून बाहेर काढला. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ती त्या चाकाशी खाली बसली आणि म्हणाली, "हवा मोजायचं द्या कुणीतरी."

काटा चढला तो नेहमीच्या खुणेच्या अलीकडेच थांबला. तिने चाक हाताने थोडं फिरवलं, बोट थुंकीने ओलं करून नक्षीच्या फटींमधून फिरवलं, आणि एका जागी थुंकीचा बारीकसा बुडबुडा आला. तिथे एक टोकदार खडा रुतून बसला होता. डोळ्याला दिसेना, पण हवा मात्र सुटत होती.

"सापडला मेला!" आक्का ओरडली, जणू हरवलेली अंगठी सापडली. "अजून दोन वळणं गेली असती तर सरळ गवतात! टायर आणा! बघता काय?"

टायर बदलायला चॅम्पियन स्वतः पोट सावरत खाली बसला. बापाने न सांगता जॅक धरला. आणि रेडिओने, ज्याची सीट या टायरबरोबर जाणार होती त्याच रेडिओने, चाक उचलून जागेवर आणलं. "लवकर करा," तो म्हणाला, "नाहीतर जन्मभर हिचं ऐकावं लागेल की टायरमुळे हरले."

मौनी पुन्हा गेली. या वेळी ती प्रत्येक वळणाला इतक्या उशिरा ब्रेक मारत होती, की कठड्याशी उभा असलेला बाप दर वळणाला डोळे मिटून घ्यायचा आणि आक्का त्याला शेजारून सांगायची, "गेली. नीट गेली. आता उघडा. आता मिटा." ती पट्टा ओलांडून गेली तेव्हा लॅपटॉपताईने आकडा वाचला नाही, नुसते दोन्ही हात वर केले. रेडिओपेक्षा वेगवान. थोडीथोडकी नव्हे.

निकालाला तिघांना बोलावंही लागलं नाही. चॅम्पियनने फक्त विचारलं, "आक्का, तुमचं मत?" आणि आक्का म्हणाली, "दुपारचं माझं मत त्या ठोकळ्यांखाली ठेवा." रेडिओला राखीव ड्रायव्हर म्हणून ठेवून घ्यायचं मालकाने तिथल्या तिथे ठरवलं. त्याने ते ऐकून लगेच राखीव ड्रायव्हरचं काम किती महत्त्वाचं असतं यावर बोलायला सुरुवात केली.

मौनीला सांगितलं तेव्हा ती गाडीतच बसलेली होती. बाप खिडकीशी उभा राहून रडत होता आणि म्हणत होता की धूळ गेली डोळ्यात. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आता तरी काही बोलेल, आभार मानेल, किंचाळेल.

मौनीने हेल्मेट काढलं. "सीट," ती म्हणाली.

"सीट तुझीच आहे, बाळा," आक्का म्हणाली.

"तसं नाही. ही बसायची सीट. डावीकडे कंबरेला टोचते. एक घडी घालून काहीतरी लावावं लागेल. आणि आरसा फार वर आहे. ब्रेकचं पेडल मला थोडं जवळ हवंय, नाहीतर टाच उचलावी लागते. आणि तिसऱ्या गिअरला काहीतरी किरकिर आहे, ती सकाळीही होती, कालही असणार…"

"असं?" आक्का म्हणाली. तिचं हसू कानापर्यंत गेलं होतं. तिने बाह्या वर सारल्या, कुणालातरी पाना आणायला पिटाळलं आणि गाडीच्या दारात बूड टेकलं. "सांग, सांग. तिसऱ्या गिअरचं काय म्हणालीस? आणि हळू सांग, मला सगळं ऐकायचंय."